मुसांग किंग दुरियान: चव कशी असते, फळ कसं पारखावं आणि पैसे कशाचे मोजावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुलैमध्ये कामासाठी क्वालालंपूर आणि सिंगापूरला जाणं आहे, तिथले सहकारी मुसांग किंग, म्हणजे दुरियान या काटेरी, उग्र वासाच्या फळाची नावाजलेली जात, खाऊनच जा म्हणतात. त्याची चव नेमकी कशी, वास झेपेल का, तो इतर दुरियानपेक्षा एवढा महाग का, फसगत न होता कसा घ्यावा, आणि बी आणून कोकणात लावता येईल का?

जुलै ही वेळ उत्तम. मलेशियाच्या द्वीपकल्पात मोठा हंगाम साधारण जून ते ऑगस्ट असतो, छोटा नोव्हेंबर ते जानेवारीच्या आसपास. झाडाला फुलोरा यायला आधी कोरड्या दिवसांचा ताण लागतो, त्यामुळे पाऊसपाण्याप्रमाणे या तारखा पुढेमागे सरकतात.

मुसांग किंगची नोंद मलेशियाच्या कृषी खात्याकडे डी१९७ या क्रमांकाने १९९३ साली झाली. जात केलांतान राज्यातली. गुआ मुसांग हे तिथलं गाव तिच्या नावात आहे. पाटीवर ती ‘राजा कुन्यित’, ‘माओ शान वांग’ किंवा नुसतं ‘एमएसडब्ल्यू’ म्हणूनही लिहिलेली दिसेल. फळ एकच. आज बाजारात येणारा बराचसा नामांकित माल पाहांग राज्यातल्या राऊब आणि बेंतोंग भागातला असतो. जोहोरमधूनही भरपूर येतो.

आता चव. गरा हळदीसारखा गडद पिवळा असतो, फिकट पिवळा नव्हे. वरची त्वचा पातळ आणि किंचित सुरकुतलेली. बोटाने हलकेच दाबली तर दबते, पण फाटत नाही. आत धागा नसतो, नुसता दाट, गुळगुळीत, चिकटसर गोळा. तोंडात टाकल्यावर पहिल्यांदा गोडी लागते आणि ती जड असते, रसाळ फळाची नव्हे. त्यामागोमाग स्निग्धपणा पसरतो. गिळायच्या सुमारास जिभेच्या मागच्या भागावर कडवटपणा उमटतो आणि गोडी ओसरल्यावरही तो रेंगाळत राहतो. मुसांग किंगचं सगळं मोठेपण या कडवटपणात आहे. निव्वळ गोड दुरियान दोन गऱ्यांत पुरे वाटतो, इथे कडू चव गोडीला आवर घालते आणि पुढचा गरा उचलावासा वाटतो. काही फळांत शेवटी मद्याचा हलका झणका येतो, तो झाडावरून पडल्यानंतर गऱ्यात सुरू झालेल्या आंबण्याचा असतो. थोडा असेल तर जाणकार त्याचेच जास्त पैसे मोजतात. जास्त झाला की फळ उतरलं.

मराठी माणूस दुरियान पाहून फणसाची आठवण काढतो आणि बाहेरून ते साहजिक आहे, पण अपेक्षा तिथेच सोडून द्यावी. कापा फणस कुरकुरीत, बरका लिबलिबीत आणि रसाचा. मुसांग किंग दोन्ही नाही. त्यात रस जवळजवळ नसतोच. कुळही वेगळं: फणस वड-उंबराच्या कुळातला, दुरियान जास्वंद-सावरीच्या.

वासाबद्दल. दुरियानमध्ये वासाची संयुगं पुष्कळ असतात, पण म्युनिकच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिलं, की त्यातली दोनच योग्य प्रमाणात मिसळली तरी दुरियानचा एकूण वास बराचसा उभा राहतो: एक पिकल्या फळासारख्या गोड वासाचं एस्टर आणि दुसरं भाजलेल्या कांद्याच्या वासाचं गंधकयुक्त संयुग. त्याच वर्षी सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी मुसांग किंगचाच संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचला. गंधकाची वाफाळ संयुगं तयार करणाऱ्या एका जनुकाच्या अनेक प्रती त्यात सापडल्या आणि पिकलेल्या गऱ्यात ती जनुकं जोरात काम करताना दिसली. खाणाऱ्याला याचा उपयोग असा: चांगल्या फळाला गोड आणि कांद्यासारखा, दोन्ही वास एकत्र यायला हवेत. नुसता गोडसर, मंद वास म्हणजे फळ कच्चं. नुसता उग्र कांदा-लसूण म्हणजे वेळ निघून गेली. आंबट, शिरक्यासारखा वास आला तर घेऊच नये. वास झेपेल का, याचं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत ‘हो’ असं आहे, पण उघड्या हवेत, फळ नुकतं फोडलेलं असताना. बंद खोलीत, दोन तासांपूर्वी भरलेला डबा उघडून सुरुवात केली तर पहिलाच घास नकोसा होईल.

नावावरून चव ठरवू नका, हे मला सर्वांत आग्रहाने सांगायचं आहे. एकाच बागेतली, एकाच दिवशी पडलेली दोन मुसांग किंग फळं वेगळी निघतात. झाड कोवळं असेल तर फळ गोड पण उथळ लागतं. झाड जुनं होत जातं तसा कडवटपणा आणि दाटपणा वाढतो, म्हणूनच विक्रेते ‘जुन्या झाडाचा’ म्हणून जादा भाव सांगतात. फळ पडायच्या आधीच्या काही दिवसांत जोराचा पाऊस झाला तर गरा पाणी धरतो आणि चव पातळ होते. कोरडे दिवस मिळाले तर तीच चव घट्ट होते. आणि या सगळ्यावर मात करते ती एक गोष्ट: झाडावरून पडून किती तास झाले.

मलेशियात दुरियान झाडावरून तोडत नाहीत. फळ पूर्ण पिकलं की आपण होऊन देठ सोडतं, बहुतेक रात्री किंवा पहाटे. खाली जाळ्या बांधलेल्या असतात, काही बागांत फळ दोरीने फांदीला अडकवून ठेवतात, म्हणजे ते जमिनीवर आपटून शिवणीत, म्हणजे सालीवरच्या कप्प्यांच्या जोडरेषेत, उलत नाही. सकाळी गोळा करून, प्रतवारी करून माल गाडीत चढतो. राऊब ते क्वालालंपूर अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे, त्यामुळे दुपारनंतर शहरात ताजं फळ पोचतं, सिंगापूरला संध्याकाळपर्यंत. थायलंडचा मोनथाँग जातीचा दुरियान याच्या उलट: तो देठासकट कापून उतरवतात आणि मग तो काही दिवसांत पिकतो. म्हणून तो लांबच्या प्रवासाला टिकतो, चवीला सौम्य आणि गोड राहतो. मुसांग किंगला ही सवलत नाही. पडल्यापासून पहिले चोवीस तास उत्तम, दुसऱ्या दिवशी ठीक, त्यानंतर शिवणी उलायला लागतात, हवा आत जाते आणि आंबणं वेगाने होतं. तुम्ही सकाळी दहाला दुकानात गेलात तर बहुधा कालचा माल मिळेल. संध्याकाळी पाच-सहानंतर जा आणि ‘आजचा कोणता?’ हे आधी विचारा.

आता पारख. फळ उलटं करून बूड पाहा. मुसांग किंगच्या बुडाशी पाच शिवणी एकत्र येतात आणि तिथे काटे नसल्यामुळे तपकिरी रंगाची पाच टोकांची चांदणी स्पष्ट दिसते. काटे बुडाशी रुंद, पिरॅमिडच्या आकाराचे, एकमेकांपासून जरा सुटे. देठाकडे तर विशेष विरळ. साल हिरवट, तपकिरी झाक असलेली. वजन बहुधा दीड ते अडीच किलो. चांदणी हा खात्रीचा पुरावा मात्र नाही, कारण थोडीफार तशी खूण दुसऱ्या जातींतही सापडते. खरी खात्री फोडल्यावरच: गडद पिवळा गरा आणि चपटी, आक्रसलेली लहान आठळी. गरा फिकट आणि बी टपोरं निघालं तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ते फळ मुसांग किंगच्या भावाने घेऊ नये. फसवणुकीत डी२४ ही जात मुसांग किंग म्हणून विकणं हा जुना प्रकार आहे. डी२४ वाईट नाही, उलट तिचा स्वतःचा कडवट-मलईदार चाहतावर्ग आहे, पण तिचा भाव बराच कमी असतो.

पिकलंय का, हे पाहायला शेजारशेजारचे दोन काटे टोकाशी धरून एकमेकांकडे दाबा. थोडे लवले तर फळ तयार, दगडासारखे घट्ट राहिले तर नाही. मग शिवणीपाशी नाक न्या. वर सांगितलेला जोडवास तिथे सर्वांत स्पष्ट येतो. कानाशी धरून हलकं हलवलं तर आत गरा किंचित हलल्याची मऊ, दबलेली जाणीव व्हायला हवी. खडखड वाजत असेल तर गरा सालीपासून फार सुटला, म्हणजे फळ शिळं. देठाचं टोक नखाने खरवडून पाहा. आत ओलसर हिरवं दिसलं तर ताजं, काळपट कोरडं असेल तर जुनं. बुडाशी शिवण उललेली असेल तर ते फळ बाजूला ठेवा, भाव कितीही कमी सांगितला तरी. किडीचं छिद्र दिसलं म्हणून मात्र पूर्ण फळ टाकायचं कारण नसतं. आत साधारण पाच कप्पे असतात, मध्ये भिंती असतात, अळी बहुतेक एकाच कप्प्यात असते. त्या कप्प्याची किंमत वजा करून घ्यायला सांगणं रास्त आहे.

चांगला विक्रेता आधी सालीला छोटा त्रिकोणी काप देऊन गरा दाखवतो, म्हणालात तर बोटभर चाखायलाही देतो. हे झाल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘दुकानातच फोडून द्या, खराब निघालं तर बदलून द्याल ना?’ हे वजनकाट्यावर ठेवायच्या आधी ठरवून घ्या. तुमच्यासमोर वजन केलेलं फळच फोडलं जातंय याकडे लक्ष ठेवा, कारण गर्दीत फळ बदलणं सोपं असतं. तो ‘पाहित की मानिस?’ विचारेल: कडू हवं की गोड. पहिल्यांदाच खात असाल तर मधलं मागा. तयार भरलेले डबे शक्यतो टाळा. घ्यायचेच झाले तर तळाशी पाणी सुटलेलं नाही, गऱ्याची त्वचा फाटलेली नाही आणि सगळे गरे एकाच रंगाचे आहेत, एवढं तरी पाहा. वेगवेगळ्या फळांतले उरलेले गरे एका डब्यात जमा केलेले असतात.

भावाचं गणित नीट समजून घ्या, कारण किलोचा भाव अख्ख्या फळाचा असतो. सालीचं आणि बियांचं वजन जाऊन मुसांग किंगमध्ये खाण्याजोगा भाग साधारण २५ ते ३० टक्के राहतो. २ किलोचं फळ ५० रिंगिट (मलेशियाचं चलन) किलोने घेतलं तर १०० रिंगिट झाले आणि हातात आले ५०० ते ६०० ग्रॅम गरे. म्हणजे गऱ्याचा खरा भाव किलोला सुमारे १६७ ते २०० रिंगिट. म्हणूनच जाड सालीचं मोठं फळ स्वस्त भावात घेण्यापेक्षा मध्यम फळ जरा जास्त भावाने घेणं बरेचदा फायद्याचं पडतं.

एवढा महाग का? एक कारण चवीचं, दुसरं चीनचं. २०१० साली मकाऊचे कॅसिनो उद्योजक स्टॅनली हो यांनी खासगी विमान पाठवून सिंगापूरहून हे फळ मागवल्याची बातमी गाजली आणि मुसांग किंग श्रीमंतीची खूण बनला. २०११ पासून मलेशियाचा गोठवलेला गर चीनमध्ये जाऊ लागला, २०१९ मध्ये अख्ख्या गोठवलेल्या फळाला परवानगी मिळाली आणि २०२४ मध्ये ताज्या फळालाही. चीनच्या एकूण आयातीत थायलंड आणि व्हिएतनामचाच मोठा वाटा आहे, मलेशियाचा माल थोडा पण वरच्या भावाचा. या तेजीच्या काळात मलेशियात रबर आणि पाम काढून दुरियानच्या बागा लागल्या. कलम चार-सहा वर्षांत फळ धरतं, त्यामुळे ती झाडं आता बाजारात माल ओतताहेत आणि हंगामाच्या भरात भाव चांगलाच खाली येतो. म्हणजे तुमच्यासाठी काळ अनुकूल आहे, फक्त नव्या कोवळ्या झाडांचा माल जास्त असणार हे लक्षात ठेवून चाखूनच घ्या.

फोडल्यावर काय बिघडलेलं दिसू शकतं, तेही सांगून ठेवतो. गरा ओलसर, चमच्यातून गळणारा असेल तर पावसाचं पाणी. गऱ्याचा एखादा भाग टणक, बेचव आणि बाकीचा मऊ असेल तर फळ एकसारखं पिकलेलं नाही. फळ भरत असतानाच झाडाला नवी पालवी फुटली की अन्न तिकडे ओढलं जातं आणि असं होतं. आंबट आणि फसफसलेला गरा म्हणजे उशीर झाला किंवा शिवण फुटली. यातला टणक भाग काढून उरलेला खाता येतो, आंबट फळ मात्र सरळ परत करा.

घरी फोडायची वेळ आली तर जाड चामडी हातमोजे किंवा अनेक घड्या घातलेलं फडकं घ्या. फळ देठ खाली, बूड वर असं धरा. आखूड, जाड पात्याची सुरी बुडाच्या चांदणीच्या मध्यावर दोन-तीन सेंटीमीटर खुपसून पिळा, शिवण उघडली की दोन्ही हातांनी फाकवा. पुढचे कप्पे शिवणीवरूनच उघडतात. सुरी आडवी चालवली तर गरे कापले जातात आणि हात घसरायची भीती वाढते.

खाताना क्रम पाळा. दोन-तीन जाती चाखणार असाल तर सौम्य गोड आधी, कडू शेवटी: आधी रेड प्रॉन किंवा डी१०१, मग डी२४, मग मुसांग किंग. उलट केलंत तर आधीचा कडवटपणा पुढच्या सगळ्यांना फिकं करून टाकतो. पेनांगकडचा ब्लॅक थॉर्न, नोंद डी२००, हा मुसांग किंगचा आजचा खरा प्रतिस्पर्धी: गरा नारिंगी झाक असलेला, जास्त गोड, कडवटपणा नावापुरता. ज्यांना कडू चवच नको त्यांनी मुसांग किंगवर पैसे घालू नयेत, ब्लॅक थॉर्न घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्यांदा दोन-तीन गरे पुरेत. १०० ग्रॅम गरात सुमारे १५० कॅलरी, २७ ग्रॅम कर्बोदकं, ५ ग्रॅम चरबी आणि ४३० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. मधुमेह असेल तर जेवणानंतर गोड म्हणून नव्हे, जेवणातल्या भात-पोळीच्या बदल्यात मोजावं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. दारूबरोबर तर नकोच. दारू पचवताना तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड मोडणाऱ्या विकराला दुरियानचा अर्क अडवतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. सोबत मँगोस्टीन खायची तिथली रीत आहे. त्याची आंबटगोड, पाणीदार चव तोंड खरंच मोकळं करते.

हॉटेलच्या खोलीत फळ नेऊ नका. बहुतेक हॉटेलांत बंदी असते आणि दंड आकारतात, सिंगापूरच्या मेट्रोतही दुरियान चालत नाही. भारतात न्यायचंच असेल तर फ्रीझ-ड्राइड, म्हणजे गोठवून सुकवलेले, तुकडे सर्वांत सोयीचे. मलईदारपणा जातो, पण गोड-कडू चव बरीचशी राहते. गोठवलेल्या गराबाबत विमान कंपनीला आधी विचारा. निर्यातीचा चांगला माल द्रवरूप नायट्रोजनने झपाट्याने गोठवतात. बर्फाचे कण बारीक राहतात आणि गऱ्याची ठेवण फारशी मोडत नाही; घरच्या फ्रीझरमध्ये हळूहळू गोठवलेला गर वितळल्यावर पाणी सोडतो. पाकीट रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्यावं, मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, एकदा वितळल्यावर पुन्हा गोठवू नये. अर्धवट वितळलेला गरा आइस्क्रीमसारखा खाणं हाही चांगला मार्ग, पण थंडाव्याने कडवटपणा दबतो.

राहिला कोकणचा प्रश्न. बी आणू नका. एक तर रोपलावणीचं साहित्य परवान्याशिवाय देशात आणायला प्लँट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ नुसार मनाई आहे. दुसरं, बीपासून आलेलं झाड मुसांग किंगचे गुण जसेच्या तसे घेत नाही, त्यासाठी कलमच लागतं. शिवाय दुरियानचं बी सुकलं की काही दिवसांतच मरतं. भारतात दुरियानची जुनी झाडं निलगिरीच्या पायथ्याच्या उतारावर, कल्लार आणि बर्लियारच्या सरकारी फळबागांत आहेत. तिथे दोन्ही मोसमी पाऊस मिळतात. कोकणात पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे सात-आठ महिने कोरडे जातात. दुरियानला या दोन्हींचा त्रास होतो: पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं की फायटोप्थोरा बुरशीने खोड-मुळं कुजतात, आणि उन्हाळ्यात ओल तुटली की कोवळं झाड करपतं. मुसांग किंग या बुरशीला बळी पडणाऱ्या जातींपैकी आहे. तरी प्रयोग करायचाच असेल तर भारतातल्या परवानाधारक रोपवाटिकेतून कलमं घ्या. एकाच जातीची नकोत, निदान दोन जातींची घ्या, कारण दुरियानला स्वतःच्याच परागाने फळधारणा नीट होत नाही. फुलं संध्याकाळी उघडतात, परागीभवन मुख्यतः मध पिणारी वटवाघळं करतात. ती नसतील तर रात्री ब्रशने पराग लावावा लागतो. जागा उताराची, जांभ्यावर मातीचा चांगला थर असलेली निवडा, झाड खड्ड्यात न लावता उंचवट्यावर लावा, दोन झाडांत ९ ते १० मीटर अंतर ठेवा, पहिली दोन-तीन वर्षं सावली द्या आणि पावसाळा संपल्यापासून जूनपर्यंत ठिबक सिंचन एकदाही तुटू देऊ नका.